पस्तीस क्रमांकाची ओळ

आमच्या घरीं तीन भावांची चूल अद्याप एकच आहे. महिन्याचा खर्च माणशीं वांटावयाचा व १२ वर्षांखालील मुलाचा अर्धा भाग धरावयाचा, असा वडिलांनीं घालून दिलेला नियम. आणि त्याची वही गेलीं १८ वर्षें आमच्या हातीं आहे.

गेल्या दिवाळींत थोरल्या बंधूंचा मुलगा मोबाईलमध्यें मान घालून बसलेला पाहून आम्हीं त्यास बोल लाविला. तो म्हणाला, "काका, खेळत नाहीं, बेसिकमध्यें प्रोग्रॅम लिहितों आहें."

ही भाषा अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांत जॉन केमेनी व थॉमस कर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनीं रचिली. १ मे १९६४ रोजीं ती प्रथम चालली. शास्त्र न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसही संगणकास आज्ञा देतां यावी, हा त्यांचा हेतु. पुढें १९८० मध्यें जपानच्या शार्प कंपनीनें पीसी-१२११ हें खिशांत मावणारें यंत्र काढिलें, त्यांतही बेसिक होती. मात्र पडद्यावर एका वेळीं २४ अक्षरांची एकच ओळ दिसे. आतां ॲप उतरवून घेतलें कीं तीच भाषा मोबाईलवर लिहितां येते.

आम्हीं थट्टेनें म्हटलें, "मग आमची वहीच लिही कीं त्यांत!"

तो लिहूं लागला. ओळींस १०, २०, ३० असे क्रमांक. मधें जागा अशासाठीं, कीं विसरलेली गोष्ट मागाहून घालतां यावी. 'इनपुट'नें माहिती विचारावयाची, 'इफ'नें अट घालावयाची, 'प्रिंट'नें उत्तर दाखवावयाचें. तीस क्रमांकाच्या ओळीपाशीं तो थांबला. "काका, अर्धा भाग कोणाचा, हें यंत्रास कसें कळणार? वय विचारलें पाहिजे." आणि त्यानें ३५ क्रमांकाची ओळ घातली.

आमच्या मुलांचीं वयें १७ आणि १५. वहींत दोघेही अजून अर्धेच होते! मागचें पान पाहून पुढचें पान लिहिण्याची आमची संवय. थोरल्या बंधूंच्या या मुलास मात्र बारावें सरतांच आम्हींच पूर्ण धरिलें होतें. हिशोब केला तों एका माणसाच्या चार वर्षांच्या भागाइतकी नोंद आमच्या बाजूस कमी.

प्रथम आम्हांस रागच आला. रात्रीं मात्र झोंप लागली नाहीं. सकाळीं बंधूंस सांगितलें, तेव्हां ते हंसून म्हणाले, "आपल्यांत कसला हिशोब!" वहिनी कांहींच बोलल्या नाहींत. त्यांस हें पूर्वींच ठाऊक असावें, असें त्या मौनावरून वाटलें. आणि हातींचा चहा आम्हांस कडू लागला.

एकत्र कुटुंबांत न बोलतां पुष्कळ समजून घ्यावें लागतें. त्यावरच घर चालतें. पण त्याच्याच आड आपली सोयही लपून बसते. यंत्रास आपोआप समजणारें कांहींच नसतें. तें विचारतें, आणि उत्तर द्यावें लागतें.

राहिलेली बाकी आम्ही आतां दरमहा फेडीत आहों. मोबाईल घेऊन बसलेल्या मुलास बोल लावण्यापूर्वीं तो काय लिहितो आहे, तेंही विचारतों.