कडू घास

महिन्यातून एकदा आम्ही सात-आठजण वाचलेल्या पुस्तकावर बोलायला जमतो. या वेळी बनाना योशिमोतो यांची ‘किचन’ होती. या छोट्या कादंबरीला १९८७ साली जपानमध्ये नवोदितांसाठीचा काइएन पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी ती पुस्तकरूपात आली. लेखिका तेव्हा ऐन विशीत होती. आम्ही वाचला तो मेगन बॅकस यांचा इंग्रजी अनुवाद.

गोष्ट एवढीशीच. मिकागेची आजी जाते आणि तिचं रक्ताचं असं कुणी उरत नाही. तिला झोप लागते ती फक्त स्वयंपाकघरात, फ्रिजच्या घरघरीशेजारी. आजी ज्या फुलांच्या दुकानात जायची, तिथे काम करणारा युइची तिला आपल्या घरी राहायला बोलावतो. त्याची आई एरिको एके काळी त्याचा बाप होती. बायको गेल्यावर तिने बाई होऊन जगायचं ठरवलं. पुढे एरिकोचा खून होतो.

“खुनासारखी गोष्ट, आणि लेखिका ती चार वाक्यांत उरकते!” एकजण म्हणाले. मला ते खरं वाटलं, पण उणं वाटलं नाही. मरणाची बातमी अशीच येते, चार वाक्यांत. मग कित्येक महिने आपण त्या वाक्यांभोवती फिरत राहतो. युइचीला तर ती मिकागेला सांगायलाही कितीतरी दिवस लागतात.

बोलणं अडलं ते शेवटाकडच्या एका रात्रीपाशी. कामासाठी परगावी गेलेली मिकागे भुकेली होऊन एका खाणावळीत कात्सुदोन मागवते. भातावर अंड्यात शिजवलेलं, आधी तळलेलं डुकराचं मांस, असा तो साधा पदार्थ. तो तिला इतका आवडतो की आणखी एक बांधून घेऊन ती टॅक्सीने युइचीच्या मुक्कामी निघते. दार बंद असतं. ती भिंत चढते, हात खरचटतो, आणि खिडकीतून जेवण त्याच्यापुढे ठेवते.

आमच्यातल्या एक बाई तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “हे गेले त्या दिवशी जाऊबाईंनी कडू घास भरवला होता. नको नको म्हणत होते मी.” मग पुस्तक बाजूलाच राहिलं. कुणाच्या घरी कुणी भाकरी आणली, कुणी भात, कोण समोर बसून राहिलं, हेच प्रत्येकजण सांगू लागला. चूल न पेटलेल्या घरी अन्न पोचवायची आपल्याकडे रीत आहे. मिकागेच्या हाताशी अशी कुठलीच रीत नाही, म्हणून तिला भिंत चढावी लागते.

बाबा गेले तेव्हा शेजारच्या काकूंनी पिठलं-भात आणला होता. पहिल्याच घासाला मला कळलं, पिठलं खारट झालंय. घरातून बाबांना नेऊन दोन तासही झाले नव्हते आणि माझ्या जिभेला मीठ कळत होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी मान खाली घालून सगळं संपवलं. काकू ताट रिकामं होईपर्यंत उंबऱ्याशी उभ्या होत्या.

युइची दूर कुठेतरी खचत असताना मिकागेलाही जेवण चवदार लागतं. ती त्या चवीला लाजत नाही. तीच चव घेऊन त्याच्याकडे जाते.

पिठल्यातल्या मिठाची गोष्ट मी इतक्या वर्षांत कुणालाच सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी सांगितली.