ओंडक्यावरचे हंस

साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून धडधडीत खोटे बोलणारा मनुष्य वकिलाला फारसा जड जात नाही. जड जातो तो प्रामाणिक साक्षीदार. त्याने पाहिलेले आणि त्याला वाटलेले यांची वीण इतकी घट्ट असते की, उलटतपासणी कोठून सुरू करावी हेच उमगत नाही. वेल्सचा जेराल्ड हा धर्मोपदेशक अशा साक्षीदारांचा शिरोमणी म्हणावा लागेल. ११८८ च्या सुमारास आयर्लंडचे वर्णन लिहिताना त्याने नमूद केले की, समुद्रातून वाहून आलेल्या ओंडक्याला कवचांत मिटलेले हजाराहून अधिक इवले पक्षी लोंबताना आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. त्यांचेच पुढे हंस होतात.

हे हंस म्हणजे बार्नाकल हंस. काळी मान, पांढरा चेहरा, राखी पाठीवर आडवे पट्टे. हिवाळ्यात ते आयर्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यांवर थव्यांनी उतरतात आणि वसंतात उत्तरेकडे निघून जातात. त्यांचे घरटे वा अंडे तेथे त्या काळी कोणी पाहिले नव्हते. ओंडक्यावरच्या त्या जीवाला मात्र लांब काळसर देठ, पांढरे कवच आणि आतून डोकावणारे पिसांसारखे तंतू. (वस्तुतः तो कोळंबी-खेकड्यांच्या गोत्रातला.) जेराल्डने पाहिले ते खरेच होते, त्यातला पक्षी तेवढा त्याने पदरचा घातला.

हा पक्षी सोयीचाही होता. जो मांसापासून जन्मला नाही तो मांस नव्हे, असा युक्तिवाद करून तिकडचे काही धर्माधिकारी उपवासाच्या दिवशी तो निःशंक खात, हेही जेराल्डच सांगतो. १२१५ साली पोप तिसरे इनोसंट यांनी याला बंदी घातली, असे सांगतात. जन्म कसाही होवो, ज्याचे राहणे-खाणे पक्ष्याचे तो पक्षीच, हे त्यांचे म्हणून सांगितले जाणारे कारण एखाद्या उत्तम निकालपत्रात शोभावे.

आपण मात्र फार हसू नये. माझी आजी एकादशीला कांद्याला शिवत नसे. बटाटा आणि साबूदाणा यांना तिच्या पानात मानाची जागा होती. बटाटा काय किंवा साबूदाण्याचा कंद काय, दोन्ही अमेरिका खंडातले. कोणत्या स्मृतिकाराला ते ठाऊक असणार? कायद्याचा विद्यार्थी असताना हे मी तिला मोठ्या ऐटीत ऐकवले. ती काहीच बोलली नाही. पुढच्या एकादशीला तिच्या पानात नुसते वरीचे तांदूळ होते, आणि मग अखेरपर्यंत तेच राहिले. माझ्या आयुष्यात मी जिंकलेला तो पहिला खटला. तो हरलो असतो तर बरे झाले असते.

हंसांच्या प्रकरणात पुराव्याची खरी चौकशी केली ती तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने. त्याने तसली लाकडे मागवून पाहिली. त्या कवचांत पक्ष्याचा आकार काही दिसेना. हे पक्षी फार दूर उत्तरेला घरटी करतात आणि ती ठाऊक नसल्यामुळेच ही कथा जन्मली, असा निष्कर्ष त्याने लिहून ठेवला.

तो खरा निघाला. ग्रीनलंड, स्पिट्सबर्गेन, नोवाया झेम्ल्या या हिमप्रदेशांत, बहुधा कोल्ह्याची पोच नसलेल्या कड्यांवर मादी चार-पाच अंडी घालते आणि सुमारे पंचवीस दिवस उबवते. आईबाप पिल्लांना भरवीत नाहीत आणि चारा तर खाली कुरणात. म्हणून अवघ्या दोन-तीन दिवसांची पिल्ले, पंख फुटण्याच्या कितीतरी आधी, आईच्या हाकेसरशी कड्यावरून झेप घेतात. कधी शंभर मीटर उंचीवरून खडकांवर आपटत, उसळत खाली येतात. काही उठून चालू लागतात, काही खाली टपलेल्या कोल्ह्याच्या तोंडी जातात.

कोणी साक्षीदाराने हे मला न्यायालयात शपथेवर सांगितले असते, तर मी त्याला सहजासहजी सोडले नसते.