डब्यातली रक्ती

आष्ट्याचा बाजार भरला की आमच्या घरात संध्याकाळी वजडी शिजायची. मटण दिवाळीला, नाहीतर पाहुणा आला तर. आई आठवडाभर दुसऱ्याच्या उसात भांगलण करायची. मजुरी हातात पडली की बाजार करून येताना खाटकाकडून वजडीचा वाटा, कधी मुंडी, कधी पातेलीभर रक्ती आणायची. पाव किलो मटणाच्या पैशात आम्हा सहा जणांचे पोट भरायचे.

वजडी शिजवणे सोपे, निवडणे अवघड. आई चुलीवर पाणी ठेवायची, पण उकळू द्यायची नाही. पाणी जास्त तापले तर वरचे काळे कातडे चिकटून बसते, कमी तापले तर सुटत नाही. बोट बुडवून तिला बरोबर कळायचे. मग चुना लावून दगडावर घासायची, सुरीच्या पाठीने खरवडायची. काळी वजडी टॉवेलासारखी पांढरी होईपर्यंत तास-दीड तास जायचा. आतडी काडीवर उलटी करून मिठाने चोळायची. पाच-सहा पाणी धुऊन झाले की मंद जाळावर झाकण ठेवून शिजवायची आणि वरून कांदा-लसूण चटणी, भाजलेले सुके खोबरे. रक्तीचे तंत्र वेगळे. मीठ टाकलेले रक्त थिजते, त्याच्या वड्या कापून पाण्यात उकडायच्या आणि मग कांद्यावर परतायच्या. ती त्याच दिवशी करावी लागते, टिकत नाही.

लहानपणी मला हे आवडत नव्हते. वजडी रबरासारखी लागायची. आजी म्हणायची, "चावत ऱ्हा रं, चव मागनं येती." ती खरोखरच मागून आली, आणि मग मटणापेक्षा वजडी बरी वाटू लागली.

पुढे बी.कॉम. झालो आणि एका कार्यालयात कारकून म्हणून लागलो. घरातला पहिला नोकरदार. एके दिवशी आईने डब्यात रक्ती दिली, भाकरीही दोन जास्त बांधल्या. जेवायच्या सुट्टीत सगळे गोल करून बसले. शेजारच्याने विचारले, "भाऊसाहेब, आज काय?" माझा हात झाकणावरच थांबला. "भूक नाही," म्हणून मी उठलो आणि सायकल स्टँडमागच्या गटारात डबा रिकामा केला. नळावर धुऊन टाकला. घरी आल्यावर आईने विचारले, "आवडली का रं समद्यांना?" मी म्हणालो, "व्हय, बोटं चाटली."

वाचकहो, मी चौदा एप्रिलला स्वाभिमानावर भाषण करणारा कार्यकर्ता. त्या रात्री मला झोप आली नाही. मनाची समजूत घालायला मी बाबासाहेबांनाच पुढे केले. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, शिळे तुकडे मागू नका, असे सांगितले होते ना? मग रक्ती फेकली तर बिघडले काय?

हा युक्तिवाद खोटा होता. बाबासाहेबांनी सोडायला सांगितली ती लाचारी. गावाचे मेलेले ढोर ओढायचे आणि त्याबदल्यात त्याचेच मांस खायचे, हा तो व्यवहार होता. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणातही त्यांनी ढोरे ओढण्याचा प्रश्न काढला होता, आणि त्यातल्या कमाईपेक्षा इज्जत मोठी हे समजावले होते. आमच्या आजीच्या पिढीने ते ऐकले. गावकीची कामे सोडली, उपाशी राहिली, पण मेलेल्याला हात लावला नाही. माझ्या आईने आणलेली रक्ती ताज्या बोकडाची होती आणि घामाच्या पैशाची होती. ती गटारात टाकून मी कोणती गुलामी सोडली? मी फक्त आईचे कष्ट टाकले.

आजी चान्यांच्याही गोष्टी सांगायची. मांसाच्या पट्ट्या दोरीवर वाळवून ठेवायच्या, कामे नसली की विस्तवावर भाजून खायच्या. बहात्तरच्या दुष्काळात शेजारपाजारी त्यांचाच आधार होता, असे ती म्हणे. मार्च २०१५ पासून राज्यात बैल-वळूचे मांसही कायद्याने बंद झाले, आणि गरिबाच्या घरचा तो स्वस्त पदार्थ आणखी मागे पडला. त्याच वर्षी शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक आले. दलितांच्या चुलीवरचे अन्न त्यात मांडलेले वाचून मला वाटले, जे मी लपवले ते या माणसाने छापले.

काही वर्षांपूर्वी कार्यालयातला एक सहकारी निवृत्त झाला. पार्टी कोल्हापूरच्या एका खानावळीत. ताटात आली रक्ती-मुंडी! "ही इथली खासियत," म्हणत मंडळी तुटून पडली. बिल देताना आईचा बाजारचा वाटा आठवला. जगभर असेच आहे. स्कॉटलंडमध्ये मेंढीचे काळीज, हृदय, फुप्फुस ओटबरोबर शिजवून केलेला हॅगिस दरवर्षी २५ जानेवारीला मानाने वाढतात. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या वाट्याला डुकराची आतडी यायची. त्यांच्या लेकरांनी तो पदार्थ टाकला नाही, आपला म्हणून मिरवला. आपणच का मान खाली घालायची?

आता आईच्या बोटांना वात आला आहे, तिला घासणे होत नाही. गेल्या महिन्यात मी आणि माझी मुलगी बसलो. मुलीने आधी नाकाला ओढणी बांधली. आई खाटेवरून हुकूम सोडत होती, "पानी तापलं जास्त, गार वत!" एवढी वर्षे खाल्ली, पण हे काम किती आहे ते मला त्या दिवशी कळले. पहिला घास मुलीने तोंड वाकडे करून गिळला. दुसरा मागून घेतला.

जेवताना मी आईला त्या डब्याची गोष्ट सांगून टाकली. ती हसली. "मला तवाच कळलं हुतं. डबा धुतल्याला हुता. तू कधी डबा धुऊन आनलायस?" मला घास गिळवेना. तीच म्हणाली, "जेव आता. गार हुतंय."

भगिनींनो, बांधवांनो, रोज वजडी खा असे मी सांगत नाही. मला स्वतःला युरिक ॲसिडचा त्रास आहे, डॉक्टरांनी महिन्यातून एकदाच परवानगी दिली आहे. काळजात लोह भरपूर असते, पण 'अ' जीवनसत्त्वही फार असते, म्हणून गरोदर बाईने ते जपूनच खावे. ज्याला नको त्याने खाऊ नये. पण आई-आजीच्या हातात जे ज्ञान आहे ते त्यांच्याजवळ बसून शिकून घ्या, वहीत लिहून ठेवा. मुलग्यांनाही घासायला बसवा.

परवा मी डब्यात वजडी नेली. झाकण उघडले आणि विचारायच्या आधीच सांगितले, "वजडी आहे. लेकीने केली." दोघांनी घेतली, एकाने नको म्हटले. डबा न धुता घरी आणला.