उल्मची चिमणी आणि दोन रायफली

जुनं मॉडेल भारी की नवं? मोबाइलपासून बाइकपर्यंत आपला हा लाडका वाद. जर्मनीतल्या एका छोट्या शहरात पॉइंट टू-टूच्या दोन रायफली हातात आल्या आणि सात वर्षं डोक्यात घर करून बसलेला एक राग जरा खाली बसला.

म्युनिकहून ट्रेन पकडली की सव्वा-दीड तासात उल्म येतं. आइनस्टाइनचा जन्म इथला, १८७९ चा. डॅन्यूबच्या या काठाला उल्म, त्या काठाला नॉय-उल्म. पूल ओलांडला की राज्यच बदलतं, बाडेन-व्युर्टेम्बर्ग संपून बव्हेरिया सुरू! गावाच्या मधोमध म्युन्स्टर नावाचं अवाढव्य चर्च. मनोरा १६१.५ मीटर उंच, पायऱ्या ७६८. (मी सगळ्या चढले नाही. खोटं कशाला बोला?) १८९० पासून जगातलं सर्वांत उंच चर्च हेच होतं. २०२५ मध्ये बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाने तो मान पटकावला. उल्मचा मनोरा काही त्यामुळे इंचभरही खुजा झाला नाही. नवं मॉडेल आलं, एवढंच.

पण मी आले होते रायफलींसाठी.

शूटिंग रेंजवर चार दिवस जरी काढले असतील, तरी तुम्हाला दोन नावं ठाऊक असतील: आनशुट्झ आणि वाल्थर. दोन्ही घराणी मुळात थुरिंगियातल्या त्सेला-मेलिस या गावची. आनशुट्झची सुरुवात १८५६ ची, वाल्थरची १८८६ ची. दुसरं महायुद्ध संपलं, थुरिंगिया रशियाच्या ताब्यात गेला आणि दोघांचंही बिऱ्हाड इथे उल्मला आलं. १७ डिसेंबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात जुनं उल्म बहुतेक जमीनदोस्त झालं होतं. म्हणजे सगळं गमावलेली माणसं सगळं गमावलेल्या शहरात आली आणि त्यांनी पुन्हा बंदुका बनवायला घेतल्या. आनशुट्झने १९५० मध्ये इथे नव्याने सुरुवात केली. पुढे जगभरच्या रेंजवर ज्या रायफली दिसू लागल्या, त्यातल्या कितीतरी या गावच्या.

त्यातलीच एक माझ्या नशिबी आली होती. पुण्यात, कॉलेजात असताना.

‘ॲडजस्ट करून घे’

आमच्या क्लबची ती रायफल लाकडी स्टॉकची, माझ्या बाबांच्या वयाची. माझी उंची पाच फूट एक इंच. रायफल बनवताना ज्याला डोळ्यासमोर ठेवलं असेल, तो गडी नक्कीच पाच-दहाचा असणार. बट खांद्याला लावलं की पुढचा हात पुरेना, गाल टेकवला की साइटमधून दिसेना. मग मान उंच करायची, श्वास रोखायचा आणि मारायचं. सरांना सांगितलं की उत्तर ठरलेलं, “अगं, ॲडजस्ट करून घे.” केलं. राज्य संघाच्या निवडीत तीन गुणांनी हुकले. बाजूच्या लेनमधल्या मुलीकडे चकचकीत ॲल्युमिनियमची नवी रायफल होती. त्या दिवशी मी ठरवून टाकलं, हरली ती रायफल, मी नाही. जॅकेट विकलं, खेळ सोडला.

सात वर्षांनी मामेभाऊ नोकरीसाठी उल्मला गेला. फोनवर म्हणाला, “माझ्या ऑफिसातल्या एकाचे वडील शूटिंग क्लबात आहेत. येतेस का?” असल्या आमंत्रणाला कोण नाही म्हणेल?

१४१३ विरुद्ध १९१३

क्लब गावाबाहेर. आपल्याकडे गावोगाव तालीम असते ना, तसे जर्मनीत गावोगाव नेमबाजांचे क्लब. भिंतीवर ढाली आणि जुन्या लक्ष्यांच्या चकत्या, कोपऱ्यात कॉफी आणि घरचा केक. पासपोर्ट दाखवला, वहीत नाव लिहिलं, देखरेखीला माणूस शेजारी उभा राहिला. आजोबा (सत्तरी ओलांडलेले, आणि उंचीने अगदी माझ्याएवढे!) दोन पेट्या घेऊन आले.

पहिल्या पेटीत आनशुट्झचं १४१३, दुसरीत १९१३. इतिहासाच्या पेपरातली सालं वाटतात, पण ही मॉडेलची नावं. जुनी आजोबांची स्वतःची, अक्रोडाच्या लाकडाची. नवी त्यांच्या मुलाची, ॲल्युमिनियमच्या स्टॉकची. दोन्हींचं वजन साधारण सात किलो.

दोन्ही चालतात सारख्याच. बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर. नवं हाताने ठेवायचं, बोल्ट पुढे, खाली. एका वेळी एकच गोळी. काडतुसाला रिमफायर म्हणतात, कारण पेट घेणारा मसाला त्याच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि पिन त्या कडेवरच आपटते. गोळी ५.६ मिलिमीटरची. ५० मीटरवरच्या लक्ष्यातलं दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं. म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं!

मी विचारलं, “नवीत नवं काय?” भाऊ दुभाषा झाला. आजोबांनी दोन्ही बोल्ट काढून माझ्या हातात दिले. बघून कळलं की ही सख्खी भावंडं आहेत. ५४ नावाची ही रचना १९५० च्या दशकातली आणि नवी मॉडेलं तिच्याच वंशातली. चांगली राखलेली जुनी बॅरल आजही ५० मीटरवर गोळ्या दहाच्या आतच मारते. ती कशी मारेल हे वयापेक्षा काडतुसांवर जास्त ठरतं. कडेतला मसाला जरा कमी-जास्त पसरला तरी फरक पडतो. म्हणून एका बॅरलला एक लॉट मानवतो, दुसरीला दुसरा. मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन काडतुसांच्या कारखान्यात जातात, ती शिकंजात आवळून लॉटमागून लॉट मारून बघतात आणि जमलेला लॉट पेट्यांनी विकत घेतात.

मग बदललंय काय? बाकी सगळं! नव्या रायफलीचा गालाखालचा तुकडा वर-खाली, डावी-उजवीकडे सरकतो, तिरकाही होतो. मूठ फिरते. बट लांबतं, आखूड होतं, कलतं. काही मॉडेलांत काडतूस ठेवायची जागा शूटरच्या जवळ आणलीय, म्हणजे हात कमी लांबवायचा. काहींत बॅरल आखूड आणि पुढे पोकळ नळी. गोळी लवकर सुटते, पण दोन साइटमधलं अंतर कमी होत नाही. शिवाय लाकूड पाणी पितं. आमच्या क्लबात जुलैत केलेली सेटिंग ऑक्टोबरात का हलायची, ते मला इथे कळलं. ॲल्युमिनियमला पावसाळ्याचं काही पडलेलं नसतं.

दहा-दहा गोळ्या

आधी जुनी घेतली, प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून. जॅकेट उसनं, सराव शून्य, हात थरथरत होते. दहा गोळ्या. शेजारच्या स्क्रीनवर आकडा आला ९३. विश्वासच बसेना. मान ताणली नव्हती, डोळ्यासमोर साइट आपोआप आलं होतं. उलटून बघितलं तर बट करवतीने कापलेलं आणि गालाची जागा कानसेने घासून, वर लाकडाचा लांबी भरून पुन्हा घासलेली. आजोबा हसले. म्हणाले, “चाळीस वर्षं घासतोय. लाकडाचा फायदा हाच. पटलं नाही की कापता येतं.”

मग नवी. मुलाच्या सेटिंगवर, आणि मुलगा सहा फूट दोन इंच. तीच मी, तीच काडतुसं, काही लाखांची रायफल... ८४! अगदी कॉलेजातल्यासारखी मान वर, श्वास कोंडलेला. आजोबांनी खिशातून पाना काढला. पुढची चाळीस मिनिटं आम्ही गोळीच झाडली नाही. बट मागे घे, गाल खाली कर, मूठ वळव, झोप, ऊठ, पुन्हा झोप. मग दहा गोळ्या. ९४.

जुनी ९३, नवी ९४. आणि मधे ते ८४.

दहा गोळ्यांवर काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण माझ्या मानेला जे कळायचं ते कळलं होतं. सात वर्षं मी म्हणत होते, रायफल जुनी होती म्हणून हरले. बॅरलवर मी उगाच आळ घेतला. आणि तो राग सगळा खोटाही नव्हता. ती रायफल माझ्या मापाची नव्हती आणि ॲडजस्ट व्हायला सांगितलं गेलं मला, तिला नाही. ऑफिसातली खुर्ची आठवा. नवी, महागडी, सहा खटके असलेली. त्यातला एक तरी खटका तुम्ही कधी दाबून बघितलाय?

संध्याकाळी भावाने गावातली चिमणी दाखवली. उल्ममध्ये जिथे-तिथे चिमणी दिसते. गोष्ट अशी सांगतात की चर्च बांधताना लोक एक लांब तुळई आडवी धरून वेशीतून नेत होते. जाईना. आता वेसच पाडू या म्हणेपर्यंत पोचले. तेवढ्यात एक चिमणी चोचीत काडी घेऊन आली आणि काडी उभी करून भिंतीतल्या घरट्यात शिरली. तेव्हा कुठे लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला.

दोन स्क्रू

आपल्याकडे या खेळाची दोन मोठी नावं कोल्हापूरकडची. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये ५० मीटर प्रोनचं जगज्जेतेपद मिळवलं, ते इथून दीड तासावरच्या म्युनिकमध्ये. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं, ४५१.४ गुणांनी. त्यांची सुरुवात कशी झाली यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला मात्र परतीच्या विमानात आमच्या क्लबातलीच रायफल आठवत होती.

पुण्याला आल्यावर रविवारी गेले. ती तिथेच होती. तिच्यामागे चौदा वर्षांची एक मुलगी पालथी पडलेली, मान उंच करून. सरांना विचारून रायफल टेबलावर घेतली, बटाची पट्टी बघितली. दोन स्क्रू, गंजलेले. तेल सोडलं, दहा मिनिटं थांबले, फिरवले. आत लाकडाचे दोन तुकडे, एकावर एक, लांबी वाढवायला घातलेले. इतक्या वर्षांत कुणी काढलेच नव्हते. सर बघत राहिले. म्हणाले, “हे निघतं होय?”

दोन्ही तुकडे काढले, पट्टी परत लावली. मुलगी झोपली, गाल टेकवला. किती गुण मारले ते मी विचारलं नाही. तिची मान खाली होती, ते बघितलं. जॅकेट कुठे स्वस्तात मिळतं, ते मात्र सरांना विचारून घेतलं.

जाणार असाल तर...

कसं जाल : म्युनिकहून ट्रेनने सव्वा ते दीड तास, स्टुटगार्टहून तासाभरात.
काय बघाल : म्युन्स्टर, डॅन्यूबकाठची जुनी कोळीवस्ती, तिथलं कललेलं घर. आणि अर्थात चिमण्या!
काय खाल : केझेश्पेट्सले, म्हणजे चीजमध्ये घोळवलेल्या जाड शेवया. शाकाहारी मंडळी खूश.
रेंजवर जायचं असेल तर : क्लबातला ओळखीचा सदस्य गाठा, आधी विचारा, पासपोर्ट जवळ ठेवा. आणि आधी रायफल आपल्या मापाची करून घ्या, मगच गोळी झाडा.