मधल्या सेफ्टीची जागा

टीव्हीवरच्या सामन्यात तो माणूस बहुतेक वेळा दिसतच नाही. चेंडू स्नॅप होण्याआधी, म्हणजे डाव सुरू होण्याआधी, कॅमेरा समोरासमोर वाकलेल्या दोन फळ्यांवर रोखलेला असतो आणि आयोवा स्टेट या अमेरिकन कॉलेज फुटबॉल संघाचा मधला सेफ्टी त्या चौकटीबाहेर, बराच मागे उभा असतो. चेंडू हलतो, क्षण-दोन क्षण जातात आणि मग तो कडेने चित्रात शिरतो. कधी धावणाऱ्याच्या अंगावर, कधी पासच्या वाटेत. २०१७ सालचा तो बचाव व्हिडिओ गेममध्ये उभा करायला बसलेल्या एका खेळाडूच्या पहिल्या कितीतरी रात्री यातच गेल्या: हा माणूस चौकटीत येतो तेव्हा स्नॅपपासून नेमका किती वेळ झालेला असतो?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये बचावाला अकरा जण. पूर्वी कोणी काय करायचं हे अंगकाठीवरून ठरे. पुढे धिप्पाड लाइनमन, त्यांच्या मागे दणकट लाइनबॅकर, सर्वांत मागे चपळ कॉर्नरबॅक आणि सेफ्टी. आक्रमण करणारे संघ चार-चार रिसीव्हर मैदानभर पांगवू लागले आणि ही वाटणी कोलमडली. तिसरा लाइनबॅकर त्या रिसीव्हरांमागे पुरा पडेना. त्याला बसवून आणखी एक हलका गडी आणला, तर समोरचे सरळ मधून धावत सुटायचे. दोन्ही कामं पेलणारा कोणीतरी हवा होता. संघागणिक त्याला नाव वेगळं मिळालं: कुठे स्टार, कुठे रोव्हर, स्पर, हस्की, व्हायपर. क्लेम्सनच्या आयझाया सिमन्सला २०१९ मध्ये सर्वोत्तम लाइनबॅकरचा बटकस पुरस्कार मिळाला, आणि त्याच मोसमात तो सेफ्टी म्हणूनही खेळत होता, आतल्या बाजूच्या रिसीव्हरलाही रोखत होता.

ईए स्पोर्ट्सचा कॉलेज फुटबॉल गेम अकरा वर्षांच्या खंडानंतर जुलै २०२४ मध्ये परत आला. त्यात ३-३-५ आणि ४-२-५ अशा रचना तयारच मिळतात. तयार रचना निवडली की काम झालं, असं सुरुवातीला कोणालाही वाटेल. पण हे आकडे फक्त पुढची, मधली आणि मागची डोकी मोजतात. त्या पाचांतला कोण केव्हा पुढे येणार, हे आकड्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

प्रशिक्षक गॅरी पॅटरसनच्या टीसीयू संघाचा ४-२-५ उभारताना या खेळाडूला हे पहिल्यांदा नीट उमगलं. पॅटरसनने पुढचे सहा आणि मागचे पाच यांचे हुकूमच वेगळे ठेवले होते. मागच्यांमध्येही मैदानाच्या दोन अर्ध्यांना दोन निरनिराळे हुकूम जाऊ शकत. गेममध्ये एक डाव निवडला की पुढची फळी आणि मागची राखण एकत्रच येते. म्हणून तो आधी पुढच्या फळीसाठी डाव निवडतो आणि स्नॅपपूर्वीच्या काही सेकंदांत मागच्या एकेकाचं काम हाताने बदलतो. बोटांना ती सवय लागायला आठवडे गेले. पॅटरसन माणसंही अशीच हलवायचा. शाळेत रनिंग बॅक असलेला जेरी ह्यूज टीसीयूत डिफेन्सिव्ह एंड झाला आणि २००९ मध्ये ऑल-अमेरिकन ठरला. त्यानंतरच्या मोसमात संघ एकही सामना हरला नाही आणि १ जानेवारी २०११ रोजी त्याने रोझ बोलमध्ये विस्कॉन्सिनला २१-१९ असं हरवलं. ह्यूजचं हे वाचल्यापासून गेम खेळणारा हा खेळाडू गेममधल्या डेप्थ चार्टकडे निराळ्या नजरेने पाहतो. सेफ्टींच्या यादीत आधी वेग पाहायचा, ही त्याची जुनी खोड सुटली. आता तो टॅकलिंग आणि डाव ओळखण्याचे गुण आधी पाहतो, अंगाने भरलेला सेफ्टी लाइनबॅकरच्या जागी लावून बघतो.

मैदानाची रुंदीही त्याला नव्याने शिकावी लागली. कॉलेजच्या मैदानावर दोन हॅशमधलं, म्हणजे मैदानावर आखलेल्या खुणांच्या दोन ओळींमधलं, अंतर ४० फूट असतं, व्यावसायिक एनएफएलमध्ये ते जेमतेम साडेअठरा. चेंडू हॅशवर असला की एका बाजूला ६० फूट जागा उरते आणि दुसऱ्या बाजूला १००. प्रशिक्षक रुंद बाजूला फील्ड म्हणतात, अरुंद बाजूला बाउंड्री. चेंडूने हॅश बदलला की हा खेळाडू दोन कडेच्या सेफ्टींची कामंही बदलतो. पल्ला मारणारा फील्डकडे, ठोकणारा बाउंड्रीकडे.

तरी आयोवा स्टेटचं कोडं उरलंच. तिथे जॉन हीकॉक बचावाचे समन्वयक होते. त्यांच्या रचनेत पुढे तीन, मध्ये तीन लाइनबॅकर, दोन कॉर्नर आणि मागे तीन सेफ्टी. ७ ऑक्टोबर २०१७ रोजी या संघाने तिसऱ्या मानांकनाच्या ओक्लाहोमाला त्यांच्याच मैदानावर ३८-३१ असं हरवलं. समोर क्वार्टरबॅक बेकर मेफिल्ड होता, ज्याने त्याच वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा हाइसमन करंडक जिंकला. क्वार्टरबॅक स्नॅपआधी सेफ्टी मोजून मागच्या राखणीचा अंदाज बांधतो. एक मागे असेल तर एक, दोन असतील तर दुसरा. तीन असले की तो हिशेबच अडतो.

संगणकाच्या हाती दिलेला मधला सेफ्टी एक तर मागेच राहायचा, नाही तर स्नॅपबरोबर पुढे झेपावायचा. शेवटी या खेळाडूने त्याला स्वतःच्या हाती घेतलं आणि चेंडूवरची नजर काढली. आता तो समोरच्या फळीतल्या गार्डकडे पाहतो. गार्ड खाली वाकून पुढे रेटू लागला तर धाव, ताठ उभा होऊन मागे सरला तर पास. तोवर पाय हलवायचे नाहीत. हे थांबणंच सर्वांत अवघड, कारण अंगठा सतत पुढे ओढत असतो.

परवा रात्री त्याला ते तीन वेळा लागोपाठ साधलं. तिन्ही धावा चार यार्डांच्या आत थांबल्या. चौथ्यांदा गार्ड वाकला, हा धावला, आणि क्वार्टरबॅकने चेंडू रनिंग बॅकला दिल्याचा आव आणून डोक्यावरून लांब फेकला. टचडाउन. त्याने सामना तिथेच थांबवला, सराव मोड उघडला आणि स्नॅपआधी मधल्या सेफ्टीला दोन यार्ड मागे नेऊन उभं केलं.