रात्री बॅटरी कोण खातं?

मराठवाड्यात गाडीची बॅटरी उतरली की पहिला आरोपी ऊन. दुकानदारही तेच म्हणाला, "आपल्याकडची गर्मी! बदलून टाका." ऊन बॅटरीचं आयुष्य कमी करतं, हे खरंच. पण आमची बॅटरी तीनच महिन्यांची होती. शिवाय आईचे डॉक्टर लातूरला. पहाटे नांदेडहून निघताना धक्का मारायला शेजाऱ्यांना उठवायचं तरी किती वेळा?

मामांनी मीटर आणला. चावी काढून, दारं लावून अर्धा तास थांबलो, कारण गाडीतले कॉम्प्युटर लगेच झोपत नाहीत. मग निगेटिव्ह वायर सोडवून ती आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर धरला, 10 अँपिअरच्या खाचेत. (तेव्हा स्टार्टर मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो.) 50 मिलीअँपिअरच्या आसपास चालतं. इथे 1.8 अँपिअर! दहा तासांत 18 अँपिअर-तास, म्हणजे 35 च्या बॅटरीतली निम्मी.

मामा एकेक फ्यूज काढत गेले. म्युझिक सिस्टिमचा निघाला आणि आकडा 0.03 वर आला. बाहेरून बसवलेल्या अँप्लिफायरची चालू-बंदची वायर थेट बॅटरीला जोडलेली. गाणी बंद, तो मात्र रात्रभर जागा. मामांनी ती वायर चावीच्या लाइनवर घेतली. बॅटरी तीच आहे.