अपवाद क्रमांक बारा

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजाराची व्याख्या करताना दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही तिच्यात घेतल्या. त्याच कायद्याचे कलम २१ विमा कंपन्यांना बजावते, की शारीरिक आजाराला ज्या पायावर विमा देता, त्याच पायावर मानसिक आजारालाही द्या. दोन्ही तरतुदी एकत्र वाचल्या तर व्यसनाच्या उपचारांचा खर्च विम्यातून मिळायलाच हवा.

आता घरातली आरोग्य विम्याची पॉलिसी काढा आणि अपवादांचे पान उघडा. बाराव्या क्रमांकावर बहुधा हे सापडेल: मद्यासक्ती, अमली पदार्थांचा गैरवापर किंवा कोणतीही व्यसनाधीनता ‘आणि त्यांचे परिणाम’ यांवरील उपचार वगळले आहेत. कंपनीने हे मनाने घातलेले नाही. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाने, २०१९ मध्ये अपवादांची जी प्रमाणित भाषा ठरवली, तिच्यातला हा क्रमांक आहे. मानसिक आजार वगळता येणार नाहीत, हेही त्याच मार्गदर्शक सूचनांत आहे!

मनोविकारतज्ज्ञ म्हणून मला ही फाळणी मान्य नाही. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी थांबली, की दिवसभरात हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते; काहींना फिट येते. दोन-तीन दिवसांत काहींना भास सुरू होतात, अंगावर किडे चढताना दिसतात, घरची माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो, नाडी धावू लागते. या टप्प्यावर उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. थायामिनची इंजेक्शने, बेंझोडायझेपिनचे मोजून दिलेले डोस, रात्रंदिवस देखरेख, हे काम वॉर्डातच होते. शेजारच्या खाटेवर डेंग्यूचा रुग्ण असतो. त्याचा क्लेम मंजूर होतो, याचा नाही.

मग डिस्चार्जच्या वेळी बायको बाजूला घेऊन म्हणते, ‘‘डॉक्टर, कागदावर दारूचं काही लिहू नका.’’ तिचे दागिने कधीच गहाण पडलेले असतात. मला तिचा राग येत नाही, पण मी लिहितो. उद्या हाच माणूस पाय मोडून दुसऱ्या रुग्णालयात गेला आणि तिथल्या भूलतज्ज्ञाला पिण्याची माहिती नसली, तर शस्त्रक्रियेनंतर तो भ्रमात जाईल आणि कारण कुणाला कळणार नाही. खरे लिहिले तर कुटुंब कर्जात, खोटे लिहिले तर रुग्ण धोक्यात. या कात्रीत कुणालाही लोटण्याचा अधिकार विम्याच्या नियमाला नसावा.

‘आणि त्यांचे परिणाम’ हे शब्द तर मला सर्वांत क्रूर वाटतात. यकृत, स्वादुपिंड यांच्या क्लेमवरही त्यांचा हात पोचतो. मदत मागितली की नोंद होते, म्हणून लोक मदतच मागत नाहीत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) मद्यविकार असलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के उपचारांविना आढळले. सगळा दोष विम्याचा नव्हे, पण त्याचा वाटा आहेच.

अमेरिकेने २००८ मध्ये मानसिक आजारांच्या विम्यातील समानतेचा केंद्रीय कायदा केला, तेव्हा व्यसनाधीनतेचा उल्लेख थेट त्याच्या नावातच घातला. आपल्याकडे न्यायालयाने वाट दाखवली आहे. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मानसिक आजाराचा नाकारलेला क्लेम ग्राह्य धरला आणि ही समानता २९ मे २०१८ पासून, म्हणजे कायदा लागू झाल्या दिवसापासून, बंधनकारक असल्याचे सांगितले. तोच तर्क व्यसनाला लावून इर्डाने बारावा अपवाद काढून टाकावा, ही माझी मागणी आहे.

तोवर क्लेम फेटाळला गेला तर फोनवरच्या नकारावर थांबू नका. कोणत्या कलमाखाली नाकारला, हे लेखी मागा. कंपनीकडे तक्रार करा; महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालये आहेत, फी नाही, वकील लागत नाही. अर्जात कलम २१ सोबत मानसिक आजाराची व्याख्याही जोडा.